एकोणीस नंबर हजर: आजारी मुलाची शाळा ऑनलाइन चालते कशी?

"सर, हिचं नाव तर कमी नाही ना करणार?"

माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने फोनवर विचारलेला हा पहिला प्रश्न. जुलै महिना होता. मुलीला रक्ताचा कॅन्सर निघाला होता. मायलेकी मुंबईला परळला पोचल्या होत्या, आणि वडील विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावी शेती नि धाकट्या मुलाला सांभाळत मागे राहिले होते. उपचार किती दिवस, खर्च किती, राहायचं कुठे, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. आणि त्या माउलीला पटावरच्या नावाची काळजी लागली होती.

"नाही हो ताई, बिनघोर राहा," असं मी ठोकून दिलं. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही नियम माहीत नव्हता. मग विचारत, वाचत गेलो. 'आता काय, सगळं ऑनलाइन आहे' हे वाक्य कोविडपासून आपल्या तोंडी बसलंय. त्यातलं आजारी मुलाच्या हाताला खरोखर काय लागतं आणि नुसतं म्हणण्यापुरतं काय आहे, हे पालकांना सोडाच, आम्हा मास्तरलोकांनाही धड ठाऊक नसतं. जे कळलं ते सोपं करून सांगतो.

गैरहजेरी तीन तऱ्हांची

साधारण तीन महिन्यांच्या वर चालणाऱ्या किंवा जन्मभर सोबत राहणाऱ्या दुखण्याला दीर्घ आजार म्हणतात. यादी लांबलचक आहे. पण शाळेच्या बाजूने पाहिलं तर आजाराचं नाव दुय्यम ठरतं. मूल कोणत्या चालीने गैरहजर राहतं, ते आधी बघावं लागतं.

एक चाल सलग. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, रक्ताचा. त्याचे उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात. पहिले सहा-आठ महिने जोरकस केमोचे. पांढऱ्या पेशी घसरतात, साध्या सर्दीतून मोठं दुखणं उभं राहू शकतं, म्हणून गर्दीत जायला बंदी. वॉर्डातल्या आया याला 'काउंट डाऊन आहेत' म्हणतात. त्यानंतरचा लांब टप्पा मात्र मुख्यतः गोळ्यांचा असतो आणि त्यात बरीच मुलं डॉक्टरांना विचारून शाळेत जाऊ शकतात. हे कित्येक घरांना आणि शाळांना माहीतच नसतं, त्यामुळे आठ महिन्यांची गैरहजेरी अडीच वर्षांची होऊन बसते.

दुसरी चाल ठरलेली. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. किडनी निकामी झालेलं मूल हिमोडायलिसिसवर असेल, तर आठवड्यातून साधारण तीनदा, दर वेळी चारेक तास मशीनला जोडलेलं राहतं. इथे तारखा आधीपासून ठाऊक असतात.

तिसरी चाल बेभरवशाची. आमच्या भागात सिकलसेल, म्हणजे पिढीजात येणारा रक्ताचा आजार, नवा नाही. पोर सोमवारी मैदानावर असतं आणि मंगळवारी हाडांतल्या कळांनी विव्हळत अंथरूण धरतं. याला क्रायसिस म्हणतात. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, फार दमणूक, यांतलं काहीही निमित्ताला पुरतं. चार-पाच दिवसांनी मूल परत वर्गात. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून प्रथिनं जाऊन अंगावर सूज येणारा आजार, तोही असाच उलटत राहतो.

आता या तिघांना एकच ऑनलाइन शाळा कशी पुरणार? सलग बाहेर असलेल्याला वर्गाशी रोजचा धागा लागतो. ठरलेल्या दिवशी जाणाऱ्याला आदल्या दिवशी हातात दिलेलं काम पुरतं. सिकलसेलच्या मुलाला कळा येत असताना काहीच नको असतं, पण परतल्यावर राहिलेले चार दिवस भरून काढायची सोय हवी असते. शाळा तिघांनाही व्हिडिओची तीच लिंक धाडते आणि तिघंही ती उघडत नाहीत.

कोविडमध्ये जमलं, मग आता का अडतं?

कारण तेव्हा सगळेच घरी होते. मास्तर स्क्रीनकडे तोंड करून बोलत होता. आता चाळीस पोरं समोर बसलेली असतात आणि एक फोनच्या आत. मास्तर फळ्याकडे वळला की त्या एकीला फक्त सदऱ्याची पाठ दिसते. सगळ्या गावाला घरी डबे पाठवायचे ठरलं तर ते जमतं. पण पंगत बसलेली असताना एकाचाच डबा भरून पाठवायचा, तर वाढणाऱ्यातल्या कोणाला तरी पंगत सोडून उठावं लागतं. तसं आहे हे.

इथे एक फरक ध्यानात घेऊ. ऑनलाइन शिकणं दोन प्रकारचं असतं. वर्ग चालू असताना त्याच क्षणी मूल ऐकतंय, बोलतंय, तो थेट तास. आधी तयार करून ठेवलेला धडा मूल सवडीने बघतंय, तो साठवलेला तास. देवळात कीर्तनाला बसणं आणि घरी कीर्तनाची कॅसेट लावणं, इतका त्यांत फरक आहे.

साठवलेल्या तासांची आपल्याकडे वाण नाही. 2017 मध्ये सुरू झालेलं सरकारी 'दीक्षा' ॲप आहे, बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड स्कॅन केले की धड्याचे व्हिडिओ उघडतात. 2020 मध्ये 'पीएम ई-विद्या'खाली इयत्तावार टीव्ही चॅनल आले. त्याच वर्षी सह्याद्रीवर 'टिलीमिली' ही अभ्यासमालिका लागायची. हे सगळं फुकट आहे आणि त्यातलं बरंच चांगलंही आहे. सिकलसेलच्या मुलाचा बुडलेला धडा त्यावर खुशाल भरून निघतो. पण आज वर्गात काय झालं, कोणाला ओरडा बसला, हे त्यात नसतं. दोन महिने वॉर्डात काढलेलं पोर नेमकं त्यासाठी आसुसलेलं असतं.

तिसऱ्या बाकावरची कंपासपेटी

आमच्या शाळेत वर्गात मोबाईलला बंदी. मुख्याध्यापकांशी दोन दिवस घासाघीस करून रोज वीस मिनिटांची परवानगी मिळाली, तीही माझ्याच फोनला. पहिल्या दिवशी मी फोन टेबलावर खडूच्या पेटीला टेकवून ठेवला नि शिकवत सुटलो. दोन दिवसांनी आईचा निरोप आला: सर, तिला नुसता पंखा दिसतो. पोरीने दोन दिवस छताचा पंखा बघत गणित ऐकलं होतं आणि हूं की चूं केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीने मला न विचारता फोन उचलला आणि तिसऱ्या बाकावर, खिडकीजवळ, तिच्या नेहमीच्या जागी नेऊन ठेवला. कंपासपेटी उघडी, झाकणाला फोन टेकवलेला, खाली घसरू नये म्हणून खोडरबर. तिथून फळा तिरका दिसायचा, मधे दोन डोकी यायची आणि कडेला कडुलिंबाची फांदी. म्हणजे जूनमध्ये तिला जे दिसत होतं, तेच.

मग हजेरी. तिचा नंबर एकोणीस. मी "एकोणीस" म्हटलं की तिचा आवाज मुंबईहून यायला दोनेक सेकंद लागत, तोवर वीस नंबर "हजर सर" म्हणून मोकळा झालेला असे. तिचं 'हजर' त्याच्या 'हजर'खाली दबून जायचं. दोन दिवस असं झालं, तिसऱ्या दिवशी मागून कोणीतरी ओरडलं, "सर, थांबा ना, ती बोलून राहिली!" त्यानंतर वीस नंबर आपणहून थांबायला लागला. एकोणीस, मग गप्प दोन सेकंद, मग फोनमधून 'हजर', मग वीस.

आणि तिचे प्रश्न? बैजिक राशींबद्दल एकही नाही. आज खिचडीत काय होतं? माझ्या जागेवर कोण बसतं? ती काळी कुत्री व्याली का?

युरोपात यासाठी चक्क एक छोटा रोबो निघालाय. 'नो आयसोलेशन' ही 2015 मध्ये स्थापन झालेली नॉर्वेची कंपनी तो बनवते, नाव 'एव्ही1'. मूर्ती लहान, तो बाकावर बसतो. मूल घरून किंवा हॉस्पिटलमधून टॅबलेटवर बोट फिरवून त्याचं डोकं वळवतं, त्याच्या डोळ्यांनी वर्ग बघतं, त्याच्या तोंडून बोलतं. हात वर करायचा असला की रोबोच्या डोक्यावर दिवा लुकलुकतो. आज नुसतं ऐकायचंय, मला काही विचारू नका, असं असेल तेव्हा त्याचं डोकं निळं होतं. मला त्यातलं सर्वांत शहाणपणाचं वाटलं ते हे की मुलाचा चेहरा वर्गाला दिसतच नाही. केस गेलेले, स्टेरॉइडने तोंड सुजलेलं, नाकात नळी. बारा वर्षांच्या पोरीला ते चाळीस जणांना दाखवायचं नसतं. आमच्या एकोणीस नंबरने पहिला दीड महिना स्वतःचा कॅमेरा उघडला नाही. आम्हीही कधी 'दिसू दे ना जरा' म्हटलं नाही.

रोबो आपल्याला परवडणारा नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. एक जुना फोन, मुलाकडे एक इअरफोन. रेंज कुचमली की व्हिडिओ बंद करून नुसता आवाज चालू ठेवायचा. आवाजाला डेटा फारच कमी लागतो. तास संपला की फळ्याचा एक फोटो.

दिवसातून किती?

आपल्या मनात असतं त्याहून फार थोडं. मार्चनंतर ज्या गावांत टँकर येतो, तिथल्या घरात दोन घागरी पाणी कसं वापरतात ते आठवा. आधी पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, धुण्याचं उरलं तर. आजारी मुलाच्या अंगातली ताकद तशी मोजून खर्चायची असते. जोरकस केमोच्या दिवसांत पंधरा-वीस मिनिटं खूप झाली. पाठीतल्या इंजेक्शनच्या दिवशी काहीच नाही. स्टेरॉइड चालू असेल त्या आठवड्यात पोर चिडचिडं होतं, सारखं खायला मागतं. तेव्हा गणित काढलं तर भांडणच.

मग शिकवायचं काय? जे राहिलं तर पुढचं अडेल, ते. इतिहासाचा एक धडा सुटला तर पुढचा वाचता येतो. पूर्णांक संख्यांची बेरीज-वजाबाकी सुटली तर बैजिक राशी, मग समीकरणं, सगळंच ढासळतं. म्हणून गणित आणि भाषा आधी. बाकी विषय परत आल्यावर.

डायलिसिसवरच्या मुलाचा एक हात सुयांमुळे बऱ्याचदा हलवता येत नाही. चार तास लिहायला लावण्यापेक्षा कविता, गोष्ट, विज्ञानाचा धडा कानावर पडू द्यावा. थॅलेसेमियाच्या मुलाला आदल्या दिवशी 'उद्या पान अमुक ते तमुक' सांगितलं की रक्ताची बाटली संपेपर्यंत त्याचं तेवढं होतं.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी मनात धरून ठेवावी. ल्युकेमियात काही औषधं थेट मणक्यातल्या पाण्यात देतात, काही मुलांच्या डोक्याला रेडिएशनही द्यावं लागतं. त्याने काही जणांची एकाग्रता कमी होते, लिहायचा-विचार करायचा वेग मंदावतो, तोंडी सांगितलेल्या चार सूचनांतल्या दोनच ध्यानात राहतात. कधी हे उपचार संपल्यावर काही वर्षांनी लक्षात येतं. तोवर वर्ग बदललेला, मास्तर बदललेला, आणि शेरा पडतो: 'पूर्वी हुशार होती, आता लक्ष देत नाही.' अशा मुलाला जास्त वेळ आणि एका वेळी एकच सूचना दिली तर बरंच निभावतं.

नाव पटावर राहतं का?

आता त्या आईच्या प्रश्नाकडे. आठवीपर्यंत उत्तर स्पष्ट आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे आरटीईच्या, कलम 16 प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवायची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने ती घेतली, पण काढून टाकायला बंदी आहे ती आहेच. शिवाय कलम 4 सांगतं की ज्याचं शिक्षण अर्धवट राहिलं, त्याला वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं विशेष प्रशिक्षण देऊन भरून काढायचं. म्हणजे मी त्या ताईंना ठोकून दिलेलं उत्तर नशिबाने बरोबर निघालं.

गाडं अडतं ते हजेरीपाशी. आपल्याकडे सलग महिन्याहून जास्त गैरहजर राहिलेलं 6 ते 14 वयाचं मूल 'शाळाबाह्य' गणलं जातं. हेतू चांगला आहे, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेली पोरं हुडकून परत आणायची. पण केमो घेणारं मूलही त्याच जाळ्यात सापडतं. इंग्लंडमध्ये आजारपणाने पंधरा दिवस शाळा बुडणार असं दिसलं, सलग नसेल तरी, की त्याच्या शिक्षणाची सोय लावणं हे तिथल्या स्थानिक प्रशासनाचं काम असतं. गंमत बघा, तिकडे पंधरा दिवसांनी सरकारला काम लागतं, इकडे महिन्याने मुलाला नाव चिकटतं.

खरं तर आपल्याकडेच याला शोभेसं एक साधन आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी महाराष्ट्रात 'शिक्षण हमी कार्ड' आहे: मूल कुठवर शिकलंय ते त्यावर लिहिलेलं, ते घेऊन दुसऱ्या गावच्या शाळेत जायचं, परतताना पुन्हा आपल्या शाळेत. चंद्रपूर-गडचिरोलीहून परळला येऊन आठ महिने राहणारं मूल स्थलांतरित नाही तर काय आहे?

गृहाधारित शिक्षणाचीही तरतूद आहे. 2012 मध्ये आरटीईत दुरुस्ती होऊन तीव्र आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकायचा पर्याय मिळाला, आणि समग्र शिक्षा योजनेतून विशेष शिक्षक घरी येऊ शकतात. चौकशी शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या गटसाधन केंद्रात करायची. मेख अशी की इथे दार अपंगत्वाच्या यादीतून उघडतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहेत. कॅन्सर, किडनीचा आजार, टाइप 1 मधुमेह यांची नावं नाहीत. आणि यादीत असलेल्यांनाही बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. सिकलसेलच्या कळांचे टक्के कसे मोजायचे, हा प्रश्न ज्याने एकदा ते पोर रात्रभर सांभाळलंय त्याने विचारावा.

नववीपासून आरटीईचं छत्र सुटतं. बोर्डाच्या परीक्षेला 75 टक्के हजेरीची अट येते. सीबीएसईच्या नियमांत मात्र सूट आहे: हजेरी 60 टक्क्यांच्याही खाली गेली तरी कॅन्सर, क्षयरोग किंवा दीर्घकाळ हॉस्पिटलात राहावं लागणाऱ्या अशाच गंभीर आजारात, कागदपत्रं पाहून, अपवाद म्हणून ती माफ होऊ शकते. राज्य मंडळाकडे खासगीरीत्या बसण्याचा रस्ता आहे, आपल्याकडे सगळे त्याला '17 नंबरचा फॉर्म' म्हणतात. आणि एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त विद्यालय: दहावीचे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, पाच वर्षांत नऊ संधी, एका वेळी एक-दोन विषय दिले तरी चालतं. केमोच्या मधल्या उसंतीत दोन पेपर देणाऱ्या मुलासाठी हे फार सोयीचं आहे. महाराष्ट्राचंही स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, त्यात पाचवी-आठवीचीही सोय होते.

तरी एक भोक राहतंच. आमच्या हजेरीपटावर 'ऑनलाइन हजर' असा रकाना नाही. एकोणीस नंबर रोज वर्गासमोर हजर म्हणत होती आणि मी पटावर तिची गैरहजेरी मांडत होतो, शेऱ्यात 'वैद्यकीय कारण'. वीस मिनिटांचा हिशेब मी एका वेगळ्या वहीत ठेवला. त्या वहीला कायद्याने किंमत शून्य. एका ओळीचं परिपत्रक निघालं तर हे सुटेल, असं मला वाटतं.

तोवर पालकांनी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, उपचार साधारण कधीपर्यंत चालतील हे लिहिलेलं हॉस्पिटलचं पत्र जोडून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. अर्जात नुसती रजा मागू नका. नाव पटावर ठेवावं आणि अभ्यास पुरवावा, असं स्पष्ट लिहा. दुसरी, घाबरून शाळा सोडल्याचा दाखला काढू नका. दाखला निघाला की ते पोर त्या शाळेचं राहत नाही. हल्ली 'संपूर्ण ऑनलाइन शाळा' म्हणून जाहिराती करणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. पैसे भरण्याआधी एकच विचारा: परीक्षा कोणतं बोर्ड घेणार आणि गुणपत्रक कोणाच्या सही-शिक्क्याचं? उत्तर देताना माणूस चाचपडला तर फोन ठेवून द्या.

'आधी बरं होऊ द्या, अभ्यास कुठे पळतोय?'

घरातली वडीलधारी माणसं हे हटकून म्हणतात आणि मायेपोटी म्हणतात. पण पोर ते वेगळंच ऐकतं. सगळ्यांनी अचानक अभ्यासाचं नाव घेणं सोडलं, रागावणं सोडलं, मागेल ते मिळायला लागलं, म्हणजे आपलं काही खरं नाही, असं ते मनाशी ताडतं. गृहपाठ मागणारा मास्तर हा त्याच्या लेखी पुरावा असतो की सगळे आपल्याला पुढच्या वर्षीही धरून चाललेत. मुलांचे कॅन्सर सांभाळणारी केंद्रं उगाच शिक्षणाच्या मागे लागत नाहीत. उपचारांसाठी मुंबईत आलेल्या कुटुंबांना 2006 पासून मोफत निवारा देणारी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, कॅन्सर झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या कॅनकिड्स संस्थेने मुंबईत 'कॅनशाला' ही शाळा काढली. पण तिथे बिहार, बंगाल, आसामपासूनची मुलं एकत्र असतात, माध्यमं निराळी, पुस्तकं निराळी. त्या शाळेने दिवस भरतो. आपल्या भाषेतली, आपल्या पुस्तकातली सातवी मात्र आपल्याच वर्गातून यावी लागते.

'एका पोरासाठी मास्तरने किती करायचं?'

हा आक्षेप खरा आहे, आणि मी तो उडवून लावणार नाही. दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना फोन लावून थेट तास घ्या म्हणणं हा जाच आहे. नेदरलँड्समध्ये आजारी विद्यार्थ्यांसाठी शाळेला मदत करणारे खास सल्लागार असतात; आपल्याकडे निवडणूक, जनगणना, पोषण आहाराची नोंद, सगळं त्याच बाईंच्या माथी.

माझ्या अनुभवात भार हलका केला तो मुलांनी. आठवड्याला एक 'वहीवाला' ठरला. ज्याची पाळी, त्याने शाळा सुटल्यावर घरच्या फोनवरून दिवसभराच्या वहीचे फोटो आणि एक आवाजी निरोप धाडायचा. माझ्या नीटनेटक्या टिपणांपेक्षा त्या गिचमिड वह्या तिने जास्त वाचल्या, कारण समासात चित्रं असायची. एका कार्ट्याचं अक्षर दोन महिन्यांत सुधारलं, कारण मुंबईहून रोज तक्रार यायची.

पथ्यं मात्र पाळावीत. फोन फळ्याकडे, पोरांच्या तोंडाकडे नको. रेकॉर्डिंग नाही. पालकसभेत सगळ्यांना आधी सांगायचं. आणि आजाराचं नाव वर्गाला सांगायचं की नाही, हे मुलीला आणि घरच्यांना विचारूनच. आम्ही सांगितलं, तेव्हा पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "सर, फोनमधून लागते का?" हसू नका. 'कॅन्सर शिवल्याने लागतो' असं समजणारी मोठी माणसंही माझ्या ओळखीची आहेत.

'मग घरीच राहायची सवय लागेल'

लागू शकते. ज्याला वर्गात चिडवतात, ज्याला सुजलेल्या चेहऱ्याची लाज वाटते, त्याला पडद्याआड बसणं गोड वाटू लागतं. म्हणून परतायची तारीख डॉक्टरांशी बोलून आधीपासून धरून ठेवायची आणि हळूहळू यायचं: आधी आठवड्यातून दोन दिवस, मधल्या सुट्टीपर्यंत. वर्ग माडीवर असेल तर खाली आणा. कवायतीतून सूट. पाण्याची बाटली बाकावर, आणि लघवीला जायला विचारायची गरज नाही. सिकलसेल, किडनी, मधुमेह, तिघांनाही हे लागतं.

एक गोष्ट वर्गशिक्षकाने विसरू नये. वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर आला, तर केमोवरच्या किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाच्या घरी त्याच दिवशी फोन करायचा. इतर मुलांच्या अंगावर चार फोड येऊन जातात, या मुलांच्या जिवावर बेतू शकतं, आणि डॉक्टरांना वेळेत कळलं तर ते उपाय करू शकतात.

एकोणीस नंबर मार्चमध्ये परत आली. डोक्याला ओढणी, तोंडाला मास्क, तिसऱ्या बाकावर खिडकीशी. मी हजेरी घ्यायला लागलो. "एकोणीस." "हजर सर," लगेच, जागेवरून. आणि पुढे गप्प. मी मान वर करून पाहिलं तर वीस नंबर सवयीने थांबलेला. दोन सेकंदांनी त्याच्या लक्षात आलं, वर्ग हसला, तोही हसला.

अजून गोळ्या चालू आहेत. तपासणीसाठी तिला मुंबईला जावं लागतं, त्या आठवड्यात फोन पुन्हा कंपासपेटीत बसतो.